चाळणीवर राहिलेलं

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मका संशोधन केंद्राचे संचालक, व्यासपीठावर बसलेले आपले ज्येष्ठ पैदासकार सर, बियाणे विभागाच्या प्रमुख, वेळात वेळ काढून आलेले पाहुणे, समोर बसलेली शेतावरची, प्रयोगशाळेतली आणि कार्यालयातली सगळी मंडळी, आणि ज्यांच्यासाठी आज या खुर्च्या मांडल्या ते आपले दळणदादा, त्यांच्या पत्नी म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वहिनी, आणि त्यांची मुलगी, सर्वांना माझा नमस्कार.

संचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या तिन्ही वक्त्यांनाही पाचच दिली होती, आणि त्यांनी त्या पाचाचं काय केलं ते आपण पाहिलंच. मीही त्यांच्याच पंगतीतली. तेव्हा मागच्या खोलीत चहा निवत असेल तर निवू द्या.

दादांवर बोलायला ही बाई कशाला, असं इथं निदान दहाजणांच्या मनात आलं असेल. रास्त आहे. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि तो सर्वांत जास्त वेळा दळणखोलीच्या दाराशी जाऊन फुटलेला आहे. पण आज बोलायचं मी मागून घेतलं आहे. का, ते येईलच पुढे.

पाहुण्यांसाठी सांगते. आमच्याकडे शेतातून मक्याचा दाणा येतो तो आधी दळणखोलीत. आठ पावलांची खोली, जाळीची खिडकी, एक चक्की आणि खिळ्यांना टांगलेल्या चाळण्या. एका वाणाचा नमुना दळून झाला की चक्की कुंचल्यानं झाडायची, पुढच्या वाणाचे मूठभर दाणे दळून ते पीठ फेकून द्यायचं, आणि मग खरं दळण. एकाचा कण दुसऱ्यात गेला की आमचे सगळे आकडे फुकट. हे दादांनी एकतीस वर्षं केलं. मी नोकरीला लागले त्या दिवशी मला वाटलं, साठीचा माणूस अजून कामावर कसा? दुपारी त्यांनी भुवयांवरचं पीठ धुतलं आणि माझ्याच वयाचा गृहस्थ समोर आला.

मक्याला लोक पोटभरीचं धान्य म्हणतात. म्हणोत बापडे. पिवळ्या मक्याचा पिवळेपणा नुसता शोभेचा नसतो, त्यातली काही रंगद्रव्यं आपल्या डोळ्यांच्या पडद्यात जाऊन बसतात. जांभळ्या मक्याचा रंग म्हणजे अँथोसायनिन, जांभळात आणि काळ्या द्राक्षात असतं तेच. सालीत घट्ट चिकटून बसलेलं फेरुलिक आम्ल वेगळंच. हे औषध आहे असं मी म्हणत नाही, आणि कोणी म्हणालंच तर त्याच्याकडे पुरावा मागा. पण जे दाण्यात आहे ते आहे, आणि ते नीट मोजून दाखवणं हे आपलं काम आहे. या कामाचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

गेल्या महिन्यात आपल्या ‘सतरा नंबर’ला मान्यता मिळाली. सरांनी अकरा वर्षं कणसांना कागदी पिशव्या बांधून, हातानं पराग झाडून तयार केलेला तो जांभळा वाण. पुढच्या हंगामात तो लोकांच्या शेतात असेल. त्या दिवशी याच सभागृहात टाळ्या झाल्या. सर पुढे होते, मी पुढे होते. दादा त्या मागच्या दाराला टेकून उभे होते.

आता खरी गोष्ट. सहा वर्षांपूर्वी हाच सतरा नंबर बंद होणार होता. तीन वर्षं माझ्या प्रयोगशाळेनं त्याचे आकडे दिले, आणि तिन्ही वर्षं ते पांढऱ्या मक्यापेक्षा जेमतेम बरे आले. पक्षपात नको म्हणून आम्हाला दाणा दाखवत नाहीत, फक्त पिठाची बाटली आणि तिच्यावरचा आकडा. ‘हा वाण पुढे चालवू नये’ असा शेरा मी मारला. खाली सही माझी. सरांनी त्या आठवड्यात माझ्याशी बोलणं सोडलं होतं. आठवतं ना सर? हसू नका, सोडलं होतं.

आणि चूक कुठे होती? माझ्या नियमात. पीठ बारीक चाळणीतून जाईल तेवढंच घ्यायचं, चाळणीवर राहील तो कोंडा टाकून द्यायचा, असा नियम मी केला होता. का, तर कोंड्यानं माझे गाळणीचे कागद तुंबायचे. माझी सोय, दुसरं काही नाही. आणि या वाणाचा रंग सगळा सालीत, आतला गर पांढराफटक. म्हणजे जे मोजायचं तेच आम्ही तीन वर्षं केराच्या बादलीत टाकत होतो आणि उरलेल्यात शोधत होतो.

हे दादांच्या लक्षात आलं होतं. ते दाराशी येऊन म्हणाले होते, “बाई, आत सगळं पांढरं आहे. रंग चाळणीवर राहतोय.” मी काय म्हणाले? “तुम्ही दळा. तपासायचं मी बघते.” मान वर करूनही बघितलं नाही.

समितीची बैठक आठ दिवसांवर आली तेव्हा शेवटचा नमुना दळायला गेला. दादांनी कोंडा टाकला नाही. तो पुन्हा दळला, पुन्हा चाळला, राहिला तो तिसऱ्यांदा दळला, सगळा चाळणीतून उतरला तेव्हा पिठात मिसळला आणि बाटली भरली. आपल्याकडे कोंड्याचा मांडा करणं म्हणतात, ते खरोखर घडलेलं मला ठाऊक आहे ते एवढंच. आकडा आला आधीच्या नऊपट.

मला आनंद व्हायला हवा होता. मी मेमो काढला. ‘नमुन्यात निष्काळजीपणे भेसळ केली.’ नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत. दादांनी त्याला एका ओळीचं उत्तर दिलं. ते मला तोंडपाठ आहे. “भेसळ केलेली नाही. काढून टाकलेलं परत घातलं.” मी ते न वाचल्यासारखं फाइलला लावलं, ठपका त्यांच्या सेवापुस्तकात चढला, आणि दुसऱ्या दिवसापासून दादा फाटकावर ट्रॅक्टरच्या नोंदी घ्यायला बसले.

वहिनी, तुमच्याकडे आता सगळे बघतायत, पण तुम्ही माझ्याकडे बघा. तुम्हाला घरी सांगितलं होतं की पाठ दुखते म्हणून यांनी फाटकावरचं काम मागून घेतलं. त्यांनी मागून घेतलं नव्हतं. मी पाठवलं होतं.

चौथ्या दिवशी तुम्ही माझ्या खोलीत आलात. तुमच्या हातात दादांचा केंद्राचा अ‍ॅप्रन होता, घडी घालून. परत करायला आला होतात. म्हणालात, “डाग काही निघाला नाही हो. पाण्यात जांभळा दिसतो, साबण लावला की निळा-हिरवा होतो. माझ्या धुण्याला बोल लावू नका.” वर तुम्हीच माझी माफी मागितलीत.

हा रंग आम्लात लाल होतो आणि साबणाच्या पाण्यात निळा-हिरवा, हे मी दरवर्षी शिकाऊ मुलींना फळ्यावर लिहून देते. ज्याच्यासाठी मी तीन वर्षं महागडी द्रावणं ओतली, तो रंग तुम्ही घरच्या बादलीत काढून मला दाखवलात. वहिनी, मी तेव्हा नुसती मान हलवली. तुम्ही गेल्यावर मी सतरा नंबरचा दाणा मागवून स्वतः दळला आणि चाळणीवर राहिलेला कोंडा बोटांनी चाचपून पाहिला.

अख्ख्या दाण्याचं पीठ घेऊन पाच वेळा तपासलं. पाचही वेळा दादांचाच आकडा. बैठकीच्या आदल्या दिवशी मी शेरा मागे घेतला, सतरा नंबर वाचला, दादा दळणखोलीत परत आले. गोड शेवट झाला असं वाटेल. नाही झाला. अहवालात मी लिहिलं, ‘पद्धतीत किरकोळ सुधारणा.’ तीन शब्दांत तीन वर्षांची चूक गुंडाळली. मेमो मागे घ्यायचा तर चूक कोणाची हे लिहावं लागलं असतं, म्हणून तो तसाच राहू दिला. त्याच वर्षी मुख्य सहायकाची जागा निघाली. यादीत पहिलं नाव दादांचं होतं. ठपक्यामुळे ते खोडलं गेलं. ज्याला जागा मिळाली त्याला चक्की चालवायला दादांनीच शिकवलं, आणि सहा वर्षांत एकदाही मला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

आज सकाळी संचालकांनी दोन कागदांवर सही केली. एकानं तो मेमो रद्द झाला आणि सेवापुस्तकातली नोंद निघाली. दुसरा माझ्या तीन वर्षांच्या अहवालांची दुरुस्ती आहे. त्यात कारण म्हणून दादांचं ते वाक्य जसंच्या तसं आहे, त्यांच्या नावासकट. हरवलेली जागा या कागदांनी परत येत नाही, हे मला कळतं. दादांनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचले आणि विचारलं, “बाई, याची एक प्रत मिळेल? घरी एक गोष्ट सांगायची राहिली आहे.” मी म्हटलं, ती मी सांगते, सभेत. ते म्हणाले, “कशाला, चारचौघांत तुमची शोभा.” मी म्हटलं, दादा, मेमो चारचौघांत दिला होता.

तेव्हा वहिनी, तुमच्या घरी आज जो माणूस परत येतोय तो नुसता निवृत्त होऊन येत नाहीये. त्याची पाटी कोरी होती, ती तशीच कोरी घेऊन येतोय. आणि बाळा, तुझ्या वडिलांसारखी दळणाची नजर मी पाहिलेली नाही. पुढच्या हंगामात शेतात जांभळं कणीस दिसलं तर सोबतच्या कोणालाही बेलाशक सांग, हे माझ्या बाबांनी वाचवलं.

अध्यक्षांचे आभार, त्यांनी घड्याळाकडे पाहणं केव्हाच सोडलं. सरांचे आभार, त्यांनी माझ्याशी बोलणं पुन्हा सुरू केलं. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आपलेही आभार. भाषण संपवताना वक्ते म्हणतात, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. या सभागृहाला माझीही तीच विनंती आहे. पण दादा, तुमच्या बाबतीत ‘असेल’ म्हणायची मला सोय नाही. माझं चुकलं. तुम्ही क्षमा करावी असा आग्रह नाही, एवढं सगळ्यांसमोर ऐकून घेतलंत ते पुष्कळ झालं.

नाही, उठू नका दादा. बसा. आज मी उभी राहते.