भुंडे हात

हात सैल सोडा की, बाई. मूठ आवळल्यावर काकण चढंल कसं? शाळंत तुम्ही मास्तरीण, हितं कासारणीपुढं सगळ्यांचा हात सारखाच. भावाच्या लग्नापुरत्या भरताय न्हवं — सोमवारी शाळंत जाताना तुम्हीबी उतरवणार म्हणं. म्हणजे कमालच झाली. अख्ख्या राजारामपुरीत बोलत्यात माणसं, ह्या बाईंच्या वर्गातल्या चाळीस पोरी भुंड्या हातानं हिंडत्यात म्हणून. कशापायी? तर पोस्टमास्तरांच्या कालिंदीला फेफरं येतंय, पडली की काच रुततीया. मग तिच्या एकटीच्या काढायच्या की — व्हय, व्हय, आलं ध्यानात, तिला एकटीला वेगळं वाटू नये. लई मोठं मन तुमचं. पण लेकीबाळींचे भुंडे हात बरे दिसत्यात व्हय?

परवा शाळंत भांडायलाच आलते मी, तुम्हाला ठाव न्हाय. खिडकीपाशी उभी ऱ्हायले, आन तेवढ्यात ती पोर पडली. म्हटलं, आता पळत्यात सगळ्या. कुटलं काय — एकीनं कुशीवर वळवली, एकीनं डोक्याखाली दप्तर सारलं, आन बाकीच्या आपल्या सतराचा पाढा म्हणत बसल्या. कांदा हुंगवला न्हाय, चप्पल हुंगवली न्हाय. शुद्धीवर आली तर शेजारची म्हणती, पाणी देऊ का गं. बस, एवढंच. जळलं माझं, बाई. खोटं कशाला बोलू? भांडण तोंडातच ऱ्हायलं, तशीच मागं फिरले. पोस्टमास्तरांची लेक म्हणून हे लाड — न्हाईतर आमच्या नात्यात एक पोर हाय, तिच्यासाठी कुणी उतरवली काकणं? संस्थान विलीन झालं त्या साली वर्गात पडली, सात वर्साची. पोरी बोंबलत पळाल्या. लागीर झालंय म्हणाले. तिची बसायची पट्टी मास्तरांनी जाळाया लावली, आन दुसऱ्या दिशी मी दारात उभी, तर मला म्हणत्यात, हिला आता घरीच ठेवा, त्रिशलाच्या आई —

हात वढू नका, काच हाय. व्हय, माझीच. सुटलं तोंडातनं ते सुटलं. आत बसलीया, बांगड्यांचे जोड लावतीया. तेरा वर्साची झाली. तिची काकणं वाजत्यात, ऐकताय न्हवं? त्याच्यावरच माझा दिस जातोय. वाजत्यात तवर मी निवांत, एकदम खळ्ळकन झालं की पळायचं. एकदा मनगटापास्नं कोपरापातूर फाटला हात, पाच टाकं पडलं. आन मी काय केलं असंल? टाकं निघाल्याबरोबर कोपरापातूर परत भरली काकणं, वण दिसू नये म्हणून. कासारणीच्या लेकीचा हात भुंडा दिसला तर चार बायका इचारतील — का गं, काय झालं? तुम्ही परक्या पोरीसाठी चाळीस जणींचे हात मोकळे केलेसा. मला पोटच्या पोरीचे दोन झाले न्हाईत. ह्येचाच राग येतोय, आन काढतेय त्या कालिंदीवर. तिनं काय केलंय माझं? काय न्हाय. तरी बघवत न्हाय.

थांबा जरा. वाजायचं का बंद झालं? — त्रिशे? ए त्रिशे —

अगं, उभी हायस व्हय दारात. आन काकणं कुटं गेली? दोन्ही हातांतली? कान देऊन बसलीस मगापास्नं. कासारणीचीच लेक, उतरवताना आवाजबी होऊ दिला न्हाईस.

बाई, झाल्या तुमच्या भरून, उठा. तिच्या हाताकडं काय बघताय, वण हाय त्यो. जावा आता, मला काम हाय. — आन ऐका. सोमवारी हिला घिऊन येते. पर त्या कालिंदीच्या शेजारी नका बसवू, सांगून ठेवते. तिच्या पुढल्या बाकावर बसवा.