बॉयलरच्या खोलीतली खिडकी

...आणि वर मलाच विचारतात, "काका, थंडी वाजते का हो?" अहो, बॉयलरच्या खोलीत माणूस स्वेटर घालून, कानटोपी घालून बसलाय, त्याला काय उकडत असेल? पण तुम्हाला सांगतो, मशीनबद्दल माझी काही तक्रार नाही. बावीस वर्षं या हॉटेलचा बॉयलर सांभाळला, चौसष्ट खोल्यांना अंघोळीचं पाणी पुरवलं, एकाही पाहुण्याने बोंब मारली नाही... आणि एके दिवशी बॉयलर उचलून नेला आणि त्याच्या जागी हा हीट पंप! सोबत इंजिनीअर बाई. म्हटलं, बाई, याला जाळ कुठे लावायचा? "जाळ नाही लागत, काका. हा हवेतली ऊब ओढतो आणि पाण्याला देतो." म्हटलं, आणि हवा? "हवा गार होऊन बाहेर पडते." बाहेर म्हणजे कुठे, तर माझ्या पाठीवर!

मॅनेजरसाहेब माणसाकडे बघून बोलत नाहीत, मोबाइलकडे बघून बोलतात. "हा आपोआप चालतो ना? मग महिनाभर बघू... इथे माणूस कशाला?" निवृत्तीला चार वर्षं, मुलीचं कॉलेज अर्ध्यावर, आणि बॉयलर सोडून मला येतंय काय? बायको म्हणाली, "त्या मशीनची नीट काळजी घ्या, साहेबांना दिसेल." घेतली! पुसलं, झटकलं, आणि रोज सकाळी आल्या आल्या पहिलं काम काय... खिडकी बंद, दार बंद! ऊब बाहेर जाता कामा नये, बॉयलरवाल्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

तिसऱ्या दिवशी फोन. दोनशे चारमधल्या बाई डोक्याला शाम्पू लावून उभ्या, आणि नळाला बर्फ! मग तीनशे सात, मग एकशे दोन... मशीनबद्दल माझी तक्रार नाही, ते बिचारं जीव तोडून घरघरत होतं. इंजिनीअर बाई धावत आल्या, मागोमाग साहेब, आणि बाई दारातच किंचाळल्या, "ही खिडकी कोणी लावली? अहो, बंद खोलीत तीच गार हवा पुन्हा पुन्हा ओढतंय, ऊब आणणार कुठून?"

कोणी लावली! खोटं बोललो असतो, पण खोलीत दुसरं होतं कोण? म्हटलं, "मी. ऊब जाऊ नये म्हणून." साहेबांनी चक्क मोबाइल खिशात ठेवला. म्हटलं, संपलं! आता घरी जाऊन तोंड कसं दाखवू?

साहेब बाईंना विचारतात, "ही पुन्हा कोणी लावली तर?"

"तर पुन्हा थंड पाणी."

"मग इथे कायमचा माणूस पाहिजे," साहेब म्हणाले, "खिडकी कोणी लावू नये म्हणून." आणि नेमलं मला! लेखी!

मशीनबद्दल माझी काही तक्रार नाही हो. पण तुम्हीच सांगा, या अख्ख्या इमारतीत ती खिडकी लावणारा माणूस एकच... आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कुडकुडत, मी त्याच्यावर पहारा देतोय.