धुराडं पॅक

प्रेरणा : आणखी एक बादली ओता, हरिसिंगभाऊ. वरच्या अंगानं ओता, पाणी उतारानं येऊ द्या.

हरिसिंग : ओतून राह्यलो, वहिनी. तुमी खालून पाहा. गळते का?

प्रेरणा : नाही. एक थेंबही नाही.

इंदुताई : मंग उतरू दे न त्याले. किती पानी पाजशीन त्या टिनाले? आभाळ पाह्य कसं भरून आलं. मी चूल पेटवतो.

प्रेरणा : पेटवा, आई. बंटीला घेऊन मी दारापाशी बसते. त्याची छाती कालपासून वाजतेय. धूर नीट वर जातो की नाही, ते पाहिल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

इंदुताई : पेटली, पाह्य. आता तरी... अवं, डोळे काहून चुरचुरून राह्यले?

प्रेरणा : धूर परत फिरतोय, आई. सगळा घरातच येतोय. हरिसिंगभाऊ, वर पाइपातून धूर निघतोय का?

हरिसिंग : कसा निघन? पॅक हाये न.

प्रेरणा : काय पॅक आहे?

हरिसिंग : धुराडं. तुमीच फोनवर म्हनलं, पाऊस आत येते, धुराडं पॅक करून द्या. मी पाइप टिनाच्या बरोबरीनं कापला, वरून पत्रा ठोकला, कडेकडेनं डांबर फासलं. एकदम पॅक.

प्रेरणा : अहो, पाइपाच्या भोवतीची फट बुजवायची होती.

हरिसिंग : फट म्हनलं असतं तर फट बुजवली असती. मले वाटलं, घरात गॅस आला, सुनेनं चूल बंद केली.

इंदुताई : गॅसचं नाव नको घेऊ बाप्पा. सिलिंडर संपलं. माहा रवी ट्रक घेऊन हैदराबादकडे गेला, तो आल्याबिगर कोन आनते?

प्रेरणा : आई, आधी ती लाकडं ओढा बाहेर. हरिसिंगभाऊ, पाइप पुन्हा बसवता येईल ना?

हरिसिंग : येते. कापलेला तुकडा हाये. भोवती पत्र्याची कॉलर घालतो, तिची वरची कड वरच्या टिनाखाली सरकवतो, मंग डांबर. पन ओल्या टिनावर डांबर धरत नाही. पाऊस उघडला की येतो.

इंदुताई : मंग तोवर राहू दे तसंच. कोरडं तर झालं घर.

प्रेरणा : आणि स्वयंपाक?

इंदुताई : दार उघडं ठेवू. जाईन धूर.

प्रेरणा : भर पावसात दार उघडं? मारेगावच्या डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं, बंटीला धुरात ठेवलं तर पुन्हा भरती करावं लागेल.

इंदुताई : डॉक्टरले काय जाते सांगाले! तू शिकेल हायेस, म्हनून धुराले भेते. आमची लेकरं याच धुरात वाढली.

प्रेरणा : सगळी?

(बाळ खोकत राहतं.)

प्रेरणा : टोमणा नाही मारला, आई. मला खरंच माहीत नाही.

इंदुताई : रवीच्या पाठची एक होती. शीला. तिची छाती बी अशीच वाजे. बाया म्हनत, दात येऊन राह्यले, होईन बरं.

प्रेरणा : हे कधी बोलले नाहीत.

इंदुताई : रवीले? त्याले काय आठवते. तोच केवढासा होता.

हरिसिंग : मावशी, थेंब सुरू झाले. उतरू का?

इंदुताई : उतरू नको. तो पत्रा काढ.

हरिसिंग : आता? टिनाले भोक हाये खाली. पानी सीधं चुलीवर येईन. रातभर चालला पाऊस तर चूल राहनार नाही.

इंदुताई : काढ म्हनतो न. चूल मातीची हाये. परत घालता येते.