पंच्याहत्तर नंबरचे जावई

प्रभाकर: अरुणा, सरक जरा. आधीच टीव्हीवर मुंग्या आल्यात, त्यात तुझं डोकं मध्ये.

अरुणा: तुम्हाला बघायचीच नव्हती ना लेकीनं अमेरिकेहून पाठवलेली कॅसेट?

प्रभाकर: नाहीच बघत. पेपर वाचतोय.

सुभद्राबाई: उलटा धरून? परभू, तुझी आई आंधळी नाही झाली अजून. अरुणा, आपले जवाई कोणते व?

अरुणा: पंच्याहत्तर नंबरचे, आई. ऋचानं चिठ्ठीत लिहिलंय.

सुभद्राबाई: समदेच फ्रिजवानी दिसतात.

प्रभाकर: तो बघ, पंच्याहत्तर! सरस! चेंडूवाल्याला काय आडवा केलाय! याला म्हणतात आपला माणूस!

अरुणा: आपला?

प्रभाकर: म्हणजे… तुमचा.

अरुणा: तो समोरच्या टीमचा पंच्याहत्तर आहे. आपला त्याच्या पायाखाली पडलाय, तो.

प्रभाकर: अरेरे! मग आपल्याला चेंडू मिळणार कधी?

अरुणा: कधीच नाही. हा अमेरिकेतला फुटबॉल, हातानं खेळायचा. मागचा माणूस चेंडू फेकेपर्यंत त्याच्यावर कुणी येऊ नये म्हणून आपल्या जावयांनी पुढे उभं राहायचं. अंगावर येईल त्याला अडवायचं. एवढंच काम.

प्रभाकर: सात वर्षं खेळतोय, ते हेच?

अरुणा: हेच. ऋचा लिहिते, टीव्हीवर त्यांचं नाव अकरा वेळा घेतलं. अकराही वेळा फाऊल केला म्हणून.

सुभद्राबाई: गरीब लेकरू!

प्रभाकर: एकशे चाळीस किलोचं लेकरू!

अरुणा: आता गुडघा गेला. टीमनं सोडून दिलं. ही शेवटची मॅच.

प्रभाकर: …पुढे काय करणार मग?

अरुणा: शाळेत मुलांना खेळ शिकवणार. त्याआधी जूनमध्ये सुरतला यायचं म्हणतात दोघं. अधिक महिना आहे, जावयाला तेहतीस अनारसे देतात, असं ऋचानं सांगितलंय. त्यांनी विचारलं, रोज का?

सुभद्राबाई: देऊ रोज! तांदूळ आजच भिजत घालते.

प्रभाकर: आई, मार्च चालू आहे! आणि झोपणार कुठे तो? पलंग मोडेल. मोरीच्या दारातून तर खांदेही जायचे नाहीत.

सुभद्राबाई: दार काढू. आपण डोळे मिटून बसू.

अरुणा: दारा-पलंगाचं राहू द्या. बाबांनी स्वतः बोलावलं तरच येऊ, असं लिहिलंय तिनं. तीन वर्षांत एक ओळ नाही लिहिलीत तुम्ही.

प्रभाकर: मध्ये प्लेग आला होता.

अरुणा: महिन्याभरात गेलासुद्धा.

सुभद्राबाई: परभू.

प्रभाकर: बरं, बरं. कागद आण. लिही तू, मी सांगतो.

अरुणा: मी नाही. हे घ्या पेन.

प्रभाकर: (लिहिता लिहिता, मोठ्यानं) चिरंजीव सौभाग्यवती ऋचास अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. तुमचे क्षेमकुशल… छे, हे खोडतो. दुसरा कागद दे. ऋचा, तुझ्या लग्नाला मी यायला हवं होतं.