तिच्या जागेवर गणपती ठेवायचाय

"उठव गो दिपीला, तिच्या जागेवर गणपती ठेवायचाय."

हमरापूरच्या काशीबाई माझ्या आईला हे म्हणाल्या तेव्हा मी सातवीत होते, आणि गाढ झोपेत होते. आज ते का आठवलं ते सांगते, पण आधी शिष्टाचार.

अध्यक्षस्थानी असलेले आमच्या समितीचे ज्येष्ठ सदस्य आदरणीय फारुखभाई, आजचे सत्कारमूर्ती आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत आमचे सचिव असलेले श्री. काळुराम म्हात्रे, पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या भगिनी धोंडुबाई, व्यासपीठावरील मान्यवर, आणि पेण-रोह्याहून येऊन पंख्याखालच्या खुर्च्या वेळेत धरून बसलेल्या सुजाण श्रोतेहो, नमस्कार.

म्हात्रे साहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. पाच मिनिटांत मी साधारणपणे चष्मा शोधते.

तर काशीबाई. हंगामात आई त्यांच्या कारखान्यात मूर्ती रंगवायला जायची आणि शाळा सुटली की मीही तिथेच. त्या दिवशी पाऊस आला, कौलं गळू लागली, आणि अख्ख्या कारखान्यात कोरडी जागा उरली ती माझ्या अंगाखालची. मला उठवलं, तिथे गणपती ठेवला. काशीबाई, त्यांचे यजमान, मुलं, सगळे ओल्यात उभे राहिले आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठेपणी मी या प्रसंगावर लेख लिहिला. लोकांना तो फार आवडला. म्हणजे त्या प्रसंगातून मला कौतुक मिळालं. शहाणपण मिळायचं राहून गेलं.

पुढे आपली ही वारसा आणि घरकुल निधी समिती झाली आणि मला तिच्यात घेतलं, 'वारशाची जाण असलेल्या लेखिका' म्हणून. पिशवी एक, कप्पे दोन. एका कप्प्यातून जुन्या वास्तूंचं जतन, दुसऱ्यातून गरजूंना परवडणारी घरं. या कप्प्यातलं त्या कप्प्यात टाकायचं नाही. काळुराम म्हात्रे त्या दोन कप्प्यांच्या मधली शिवण होते. ती शिवण कुणालाही उसवता आली नाही.

त्यांचा एक किस्सा सांगते. मी त्यांना माझं पुस्तक भेट दिलं. त्यांनी ते उलटं केलं, किंमत वाचली आणि परत दिलं. "मॅडम, भेट नाय घेत." मग बाजारातून विकत आणून वाचलं आणि भरतीचं पाणी मी चुकीच्या वेळी खाडीत आणलंय, हे मला भर बैठकीत सांगितलं. दुसरा किस्सा धोंडुबाईंचा. मिठागराशेजारचं त्यांचं घर, उधाणाला उंबऱ्यात पाणी. त्यांनी अर्ज केला. साहेबांनी तो पहिल्या फेरीतच बाजूला ठेवला, का, तर सख्खी बहीण. मघाशी मी धोंडुबाईंना विचारलं, राग नाही येत? त्या म्हणाल्या, "येतो ना. आज आलोय ते हा रिटायर होऊन माझ्या अंगणात बसायला कुठल्या तोंडानं येणार, ते इचारायला."

अशा माणसासमोर मी काशीबाईंच्या कारखान्याची बाजू मांडली. म्हटलं, ही कौलं, हे लाकडी वासे, ही रंगानं माखलेली जमीन, हा आपला वारसा आहे. इथे मूर्तिकलेचं दालन झालं पाहिजे. समोर एक सदस्य डोळे पुसताना दिसले तेव्हा मला वाटलं, जिंकलं. नंतर कळलं, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं.

ठराव माझ्या मनासारखा झाला. कारखान्याची जतनातून दुरुस्ती, आणि तिथे राहणाऱ्या कुटुंबाला, म्हणजे काशीबाईंचा मुलगा नाथा आणि सून चंद्रावती यांना, घरकुलातून नवं घर. मूर्ती घडवायला नाथाला दालनामागे पत्र्याची शेड. दोन्ही कप्पे नीट वापरले गेले. मी दालनासाठी पाट्याही लिहिल्या. 'कृपया स्पर्श करू नये' ही माझीच. माझ्या साहित्यातलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं वाक्य ते असावं.

गेल्या पंधरवड्यात आम्ही पाहणीला गेलो. फारुखभाई, म्हात्रे साहेब आणि मी. आधी नवं घर. दाराला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर कॉटवर गणपती, ओट्यावर गणपती, कपाटासमोर पाठमोरे उभे गणपती आणि मोरीत एक उंदीर सुकत ठेवलेला. माणूस एकही नाही.

तिथून दालनात गेलो. तिथे चंद्रावती भाकऱ्या थापत होती. वाशाला दोरी, दोरीवर कपडे, आणि माझ्या पाटीवर तव्याचं झाकण.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही इथे कशा?"

"राहतो."

"घर दिलंय ना तुम्हाला?"

"दिलंय ना. लय बेस हाय. स्लॅब हाय, त्या पत्र्याच्या शेडीसारखा थेंब नाय गळत. म्हणून तर बाप्पाला ठेवला."

"अहो, ते माणसांना राहायला आहे."

"माणूस भिजला तर पुसता येतो, साहेब. शाडूचा बाप्पा भिजला तर चिखल हातात येतो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ही दिपीताय आमच्यातच वाढली. हिला इचारा. हिनी सांगितलं नाय व्हय तुम्हाला?"

हिने सांगितलं नव्हतं. हिने लेख लिहिला होता.

फारुखभाई मात्र हसत सुटले. म्हणाले, "साहेब, माझ्या मुलाने, फैजलने, गल्फमधून पैसे पाठवून रोह्याजवळच्या अष्टमी गावात बंगला बांधला. मार्बलचा हॉल आहे. त्याला कुलूप आहे, पाहुण्यांसाठी. मी मागच्या पडवीत झोपतो. आता माझा बंगला रद्द करता का?"

म्हात्रे साहेब हसले नाहीत. ते जे म्हणाले ते मला खोडता आलेलं नाही. "बाहेर लोक घरासाठी थांबलेत, मॅडम. त्यांना काय सांगू, तुमच्या घरात गणपती राहतात?" त्यांची सख्खी बहीण त्या थांबलेल्यांत आहे, हे ते बोलले नाहीत. आणि नियम सरळ आहे. घरकुलात कुटुंब राहत नसेल तर घर रद्द. दालनात कुणी राहत असेल तर ते बाहेर. म्हणजे माझ्या जतनाच्या हौसेपायी चंद्रावतीचं नवं घरही जाणार आणि जुनंही. तिचं जे जपायला मी उभी राहिले होते, त्यातून तिलाच तेवढं बाहेर काढण्याची व्यवस्था मी केली. वारशाची एवढी जाण फार थोड्यांना असते.

फारुखभाई घड्याळ दाखवतायत. मघाशी ते माझ्या कानात म्हणाले होते, "मॅडम, तुमचं संपेपर्यंत बाप्पा विसर्जनाला निघतील." संपवतेच.

आयोजकांचे आभार. माईकवाल्यांचे आभार. धोंडुबाईंचे विशेष आभार, त्या का रागावल्या आहेत हे त्यांनी लपवलं नाही. साहेब, तुमच्याबद्दल बोलता बोलता मी बराच वेळ माझ्याबद्दलच बोलले. सवय आहे, सांभाळून घ्या. कुणाला मान द्यायचा राहिला असेल, नाव पुढेमागे झालं असेल, तर तो दोष माझा.

आता एक मागणं. सोमवारी तुमचा कामाचा शेवटचा दिवस. चंद्रावतीच्या घराबद्दलचा शेरा तुम्हाला त्याच दिवशी द्यायचा आहे. तो काय द्यावा, हे मी सांगणार नाही. खोटं लिहा असंही म्हणणार नाही. पण तो कचेरीतल्या टेबलावर लिहू नका. हमरापूरला या. चंद्रावती कुलूप उघडून देईल. त्या नव्या घरात जा आणि तिथे बसून लिहा. बसायला कोरडी, रिकामी जागा सापडली, तर 'घर वापरात नाही' असं खुशाल लिहा.

तुम्ही नाही म्हणणार. शेरा कचेरीतच द्यायचा असतो, हे तुम्ही मला आत्ता मानेनेच सांगताय. दिसतंय मला.

तरी सोमवारी मी तिथे दारात उभी असेन. आतली जागा मी केव्हाच सोडली आहे.