घडीची कयाक

आखातात, खलिफा सिटीतल्या खेळसामानाच्या दुकानात मी बूट घालून बघत होतो. शेजारी एक मराठी जोडपं कयाक निवडत होतं.

"मैथिली, ही हवा भरायची घेऊ. काम झालं की घडी करून ठेवता येते."

"अंकुर, फुजैराच्या समुद्रात वारा सुटला की ही तुला घेऊन इराणला जाईल. ती कडक प्लास्टिकची घे."

"ती इंडियाला कशी नेणार?"

"आपण कधी चाललोय?"

"पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."

"अरे वा! ईश्वरी पोटात होती तेव्हाही पुढच्याच वर्षी जाणार होतो. ती आता बारावीला आहे."

"मग काय, कायमचं राहायचंय इथे?"

"छे, छे! आपलं टेबल घडीचं, खुर्च्या घडीच्या, पलंगसुद्धा घडीचा. मला घडी घालून कपाटात ठेवत नाहीस, हेच नशीब."

"बरं बाई, प्लास्टिकची घेऊ. पण ठेवायची कुठे?"

"बाल्कनीत. परत जाताना लागतील म्हणून टीव्ही-फ्रिजचे रिकामे बॉक्स जपून ठेवलेस ना, ते फेकून दे."

"सगळे?"

"सगळे. खलास."

मग त्याने सेल्समनला हाक मारली.

"भाईसाब, ये प्लास्टिकवाली दे दो. और सुनो, इसका बॉक्स मिलेगा ना?"