झेंड्याचं तिकीट

हॅलो?… हो, आर्लीनच बोलतेय. कोण?… मॉरीन! अगं, विनिपेगहून?… नाही, नाही, बोल. शनिवारी लेकीचं लग्न, कामं कधी संपायची! पाहुण्यांना वाटायला पेपरमिंटच्या गोळ्या जाळीच्या कापडात बांधतेय. बोटं सुजलीत नुसती.

हो… ऐक ना, मॉरीन, आधी मी बोलते. तुम्ही येत नाही, हे कळलंय मला. महिनाभर पोस्टमनची वाट पाहिली. तुझा नवरा, माझा सख्खा भाऊ, क्रिस्टाचा एकुलता एक मामा, आणि साधं उत्तर पाठवू नये त्यानं?… काय? मी काय पाठवलं?… झेंडा? कसला झेंडा?

आमंत्रणासोबत उत्तराचं कार्ड होतं, त्याच्या पाकिटावर?… अगं बाई, ते तिकीट आहे! पोस्टाचं तिकीट! अमेरिकेच्या तिकिटावर अमेरिकेचाच झेंडा असणार ना… हो, क्रिस्टाला फुलांची हवी होती. संपली होती. पोस्टातली बाई म्हणाली, झेंड्याचा रोल आहे, घेतला. पाहुण्यांना उत्तराचा खर्च पडायला नको म्हणून प्रत्येक पाकिटावर आपणच लावायचं असतं. टीव्हीसमोर बसून चिकटवत गेले, एकामागून एक.

चालत नाही?… तुमच्याकडे… अरे देवा! कॅनडाच्या पोस्टात आमचं तिकीट कसं चालेल! हसू नकोस गं. सगळा जन्म नॉर्थ डकोटात गेला, सरहद्द अर्ध्या तासावर, आणि एवढी अक्कल नाही मला… पण मग त्यानं वर तुमचं तिकीट लावायचं! हात मोडले होते?

काय वाटलं त्याला?… मुद्दाम? ‘हा घे झेंडा, आणि याच्याखालून उत्तर दे’, असं? मी?… आणि महिनाभर ते पाकीट जेवणाच्या टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसला?… अगदी पपांचा मुलगा शोभतो!

नाही, मला सांगू नकोस त्याला काय सोसावं लागलं. एकोणिसाव्या वर्षी सक्तीनं युद्धावर धाडत होते, नको म्हणून सरहद्दीपलीकडे पळाला. पपांनी दारात झेंडा लावला आणि त्याचं नाव घेणं सोडलं. पुढे सरकारनं अशा पळालेल्या सगळ्या पोरांना माफ केलं, पपांनी नाही केलं. पण मी काय केलं होतं, मॉरीन? नाताळला त्याचा फोन आला की मी वायर ओढून न्हाणीघरात जायचे, कडी लावून बोलायचे. पपांना पुरलं तेव्हा तो आला नाही, तर लोकांना म्हटलं, बर्फानं रस्ते बंद आहेत. जून महिन्यात!… हो, तू हस. दोघांच्या मध्ये उभी राहून दमले गं मी. खरंच दमले.

दे त्याला फोन… घरात नाही? खोटं बोलू नकोस, खोकला ऐकू आला मला. दे म्हणते ना!

वेन्डेल?… बोलू नकोस, नुसतं ऐक. तिकीट चुकून लागलं. तुझी बहीण बावळट आहे, दुष्ट नाही… अरे, ऐक ना! डेल गेल्यापासून क्रिस्टा म्हणत होती, बाबा नाहीत तर चर्चमध्ये मामाचा हात धरून चालेन. तुझं उत्तर आलं नाही. काल म्हणाली, ‘राहू दे आई, एकटी चालेन मी.’ रडली असती तर बरं वाटलं असतं मला. रडलीसुद्धा नाही…

मी? मला काय विचारतोस?… हवायस. मला सगळ्यात आधी हवायस, गाढवा. एवढ्या वर्षांत कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगितलं नाही.

नाही, नाही, आता पोस्टानं नको! लग्न होऊन जाईल. तोंडानं सांग. येतोस की नाही?

हॅलो?… वेन्डेल?… आहेस का?

काय?… चिकन? कसलं चिकन?… अच्छा. उत्तराच्या कार्डावरचा प्रश्न. येणाऱ्यांनी जेवायला काय हवं ते लिहायचं, चिकन की मासा.

हो रे… हो. चिकन. लिहिलं… कुठे रडतेय? दमलेय म्हटलं ना! शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये लग्नाची तालीम आहे, वेळेवर या. आणि मॉरीनला काय हवंय, विचार…

मासा. बरं. ठेवते.